वाट बघू नका

सुकन्या वायदंडेचा पहिलावहिला अल्बम बाजारात आला आणि महिन्याभरात तो न आवडलेला माणूस महाराष्ट्रात औषधालाही उरला नाही. शोधाशोध झाली होती. एका वाहिनीला चर्चेसाठी 'दुसरी बाजू' मांडणारा हवा होता, म्हणून त्यांनी गावोगाव माणसं पाठवली. अखेर जळगावात एक निवृत्त मुख्याध्यापक सापडले. त्यांनी तो अल्बम अजून ऐकलाच नव्हता. त्यांना गाडीत बसवून स्टुडिओत आणलं, वाटेत त्यांनी तो ऐकला आणि चर्चेत ते सगळ्यांत जास्त रडले.

अल्बमचं नाव 'वाट बघू नका', आणि त्यातलं पहिलं गाणंही तेच. तासगावच्या बाजारात लांबट हिरव्या बेदाण्याला 'सुकन्या' म्हणायला लागले. एका साखर कारखान्याच्या अध्यक्षांच्या निरोपसमारंभात हे गाणं लावलं गेलं. त्याच आठवड्यात शेजारच्या कारखान्याच्या अध्यक्षांनी 'मी खुर्ची सोडणार नाही' हे जाहीर करतानाही हेच गाणं लावलं. दोन्हीकडे लोक गहिवरले. एका गाण्याला ही दोन्ही कामं कशी जमतात, असं तेव्हा कुणी विचारलं नाही.

सुकन्यानेही नाही विचारलं. यश आलं की माणूस चौकशा कमी करतो.

ती मूळची तासगावची. वडील दगडू वायदंडे, म्हणजे अख्ख्या तालुक्याचे आबा, 'न्यू समाधान ब्रास बँड'चे मास्तर. शाळेत असल्यापासून ती बँडच्या गाडीवर उभी राहून वरातीत गायची. तीन वर्षांपूर्वी 'थोडे दिवस पुण्याला जाऊन येते' म्हणून निघाली ती निघालीच. परत येणार नाही हे तिला एसटी कऱ्हाडला पोचायच्या आतच कळलं होतं. आबांना मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांची समोर बोलायची छाती होत नाही ती माणसं चिठ्ठी लिहून ठेवतात. सुकन्याने अल्बम काढला.

वाट बघू नका आबा, वाट बघू नका,
गाडीवरची माझी जागा राखून ठेवू नका.
तुमच्या तालावर चालून पाय माझे दमले,
माझ्या तालावर पडले तर उचलायला येऊ नका.

अल्बम निघाला त्या आठवड्यात आबांचा फोन आला. ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. खाली उडी मारता येईल अशा जागी उभं राहून बोललं की बरं वाटतं, असं तिचं होतं. घर तळमजल्यावर होतं.

"ऐकलं गं गाणं," आबा म्हणाले.

"हं."

"रडलो बघ. बबन रडला. इस्माईलचाचाला तर धरायला लागलं."

"रागावला नाहीत?"

"रागावू कशापायी? मनातलं बोललीस. मी आता तू म्हणतीस तसंच करणार."

तिने फोन ठेवला आणि कित्येक महिन्यांनी पोटभर जेवली. आबांना इतकं सहज पटेल असं तिला वाटलं नव्हतं.

बबनमामा म्हणजे बँडचा क्लॅरोनेटवाला. त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं आणि सुकन्या तीन वर्षांत पहिल्यांदा तासगावला गेली. मांडवाबाहेर बँडची गाडी उभी होती. गाडीला नवा फलक लावला होता : 'गायिका — सुकन्या वायदंडे (स्वतः)'.

"हे काय आबा?"

"तुळशीच्या लग्नापासून तारखा घेतल्यात. पलूसची एक पोरगी आली हुती जागा मागायला. काजल म्हणून. गळा चांगला हाय. म्हटलं, बाई, जागा रिकामी न्हाई."

तिला काही बोलायला सुचायच्या आत नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाला आणि आबांनी हात वर केला. तिला चकित करायचं म्हणून बँडने तिचंच गाणं बसवलं होतं.

बँडवाल्यांची गाणं बसवायची एक रीत आहे. कागदावर कुणी काही लिहीत नाही. प्रत्येक गडी आपापल्या घरी गाणं ऐकतो, आपापला भाग कानाने उचलतो आणि सकाळी सगळे एकत्र येऊन थेट वाजवतात. तीन पिढ्या ही रीत चालली, कारण तीन पिढ्या सगळे एकच गाणं ऐकत होते.

आबांचा हात खाली आला. बबनमामाच्या क्लॅरोनेटमधून मुलगी सासरी निघाल्यासारखं काहीतरी संथ आणि ओलं बाहेर पडलं. त्याच क्षणी इस्माईलचाचाच्या ट्रंपेटने लेझमीची चाल धरली. ढोलवाला शिवा तिसऱ्याच तालात शिरला. तो कुस्तीच्या मैदानावरचा होता, कारण शिवाला आयुष्यात तेवढंच आवडत असे. वऱ्हाडी मंडळी तोंडपाठ गाणं म्हणू लागली आणि प्रत्येकाच्या तोंडी वेगळे शब्द. नवरदेवाचा मामा 'वाट सोडा' म्हणत होता, करवली 'वाट लावा' म्हणत होती. घोड्याने थोडा वेळ विचार केला आणि तो रस्त्यात खाली बसला. या मिरवणुकीत कानात गाणी ऐकायचा मणी नसलेला तो एकटाच होता.

"बबन्या, काय वाजवतोयस?" इस्माईलचाचाने ट्रंपेट खाली घेतला.

"गाणं वाजवतोय. तू काय वाजवतोयस?"

"सुकूचं गाणं."

"मग मी काय माझ्या सासूचं वाजवतोय?"

भांडण मिटवायला आबा गाडीवर चढले आणि मूळ गाणं कसं आहे ते त्यांनी स्वतः म्हणून दाखवलं. 

वाट बघा आबा माझी, वाट बघा जरा,
गाडीवरची माझी जागा राखून तेवढी धरा.
तुमच्या तालावर चालले, तोच ताल खरा,
तुळशीच्या लग्नापासून येते माझ्या घरा.

सुकन्या खाली बसली. घोड्याशेजारी जागा होती.

"आबा, मी हे म्हटलेलं नाही."

"तुझ्याच आवाजात ऐकलंय." त्यांनी कानातला मणी काढून तिच्या हातावर ठेवला. ज्वारीच्या दाण्याएवढा मणी. एव्हाना तो सगळ्यांच्याच कानात असे. तिने तो घातला. तिच्या स्वतःच्या आवाजात 'वाट बघा आबा' अशी सुरुवात झाली, तिच्या कपाळाला आठी पडली, आणि दुसऱ्याच ओळीला गाणं वळलं : 'राखून ठेवू नका'. तिने मणी काढून घाईने आबांच्या कानात घातला. "ऐका आता." आबांनी ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "तेच तर म्हणतोय. राखून धरा." मणी पुन्हा तिच्या कानात, पुन्हा त्यांच्या कानात. बापलेक रस्त्यात बसून एक दाणा एकमेकांच्या कानात घालतायत आणि दोघंही 'बघ, मी म्हटलं नव्हतं का' म्हणतायत, हे वऱ्हाडाने बराच वेळ पाहिलं. मग जेवणं सुरू झाली.

घरी आल्यावर तिने सरळच सांगितलं. "आबा, मी बँडमध्ये परत येणार नाही. ते गाणं त्यासाठीच होतं."

आबा हसले. "तोंडानं माणूस काय बी बोलतंय. गाण्यात खोटं बोलता येत न्हाई. मीच शिकवलंय तुला."

"मग आत्ता म्हणून दाखवते. मणी बाजूला ठेवा."

"घरात म्हटलं तो रियाज. चार लोकांत म्हटलं की मग ते म्हटलं." हा बँडचा कायदा होता. आबांनी तिच्या आईला लग्नाचं विचारलं तेही भर वरातीत, गाडीवरून. घरी आधी विचारलं होतं, पण ते धरलं नाही.

सुकन्या पुण्याला परतली ती थेट अल्बम काढणाऱ्या आणि मणी बनवणाऱ्या 'कर्णमधुर' कंपनीच्या बाणेरच्या कचेरीत गेली. ओजस लिमये नावाचा एक अत्यंत स्वच्छ मुलगा तिथे 'श्रोतासमाधान प्रमुख' होता.

"मॅडम, असं बघा," तो म्हणाला, आणि त्याने समजावून सांगितलं. सांगण्यात तो हुशार होता.

माणसाच्या कानामागे एक चिमुकला स्नायू असतो. मांजर आवाजाच्या दिशेने कान टवकारतं ते याच स्नायूच्या जोरावर. माणसाचे कान हलायचे थांबले त्याला युगं लोटली, पण ते स्नायूला कुणी कळवलं नाही. आवडता आवाज आला की तो अजूनही इमानेइतबारे थोडासा ताणला जातो. डोळ्याला दिसणार नाही, पण त्यातली वीज मोजता येते. नावडतं काही आलं की तो गप्प बसतो. मणी ही वीज मोजतो. त्यावरून मण्यातली 'मनधरणी' नावाची प्रणाली गाणं चालू असतानाच पुढच्या ओळीचे दहाबारा नमुने गायिकेच्या आवाजात तयार ठेवते आणि ज्यावर स्नायू खूश होईल तो कानात सोडते. आधी ती फक्त लय बदलायची, मग सूर बदलायला लागली. दोनतीन वेळा ऐकलं की गाणं त्या माणसापुरतं मुरतं आणि तिथेच थांबतं.

"आणि शब्द?"

"शब्दांची फक्त किरकोळ मशागत."

"मी नाही म्हटलं आणि माझ्या बापाला हो ऐकू आलं. वर तुळशीच्या लग्नाची तारीख."

"तारखा फोनमधून घेतल्या असणार. अशी आपुलकी लोकांना आवडते." ओजसने पडद्यावर एक आलेख दाखवला. तो सगळीकडे वर जात होता. "हे नकाराचं गाणं होतं, मॅडम. नकार कुणाला आवडतो? मूळ गाणं आम्ही निवडक लोकांना ऐकवलं होतं. एक बाई उठून गेल्या. आता बघा, कोट्यवधी लोक आणि एकही उठलेलं नाही."

"पण ते गाणं ऐकलंय कुणी?"

"तुम्ही."

ते खरंच होतं. घरी मण्यातून स्वतःचं गाणं ऐकताना आपण आपल्यापेक्षा जरा बरं गातो असं तिला मधूनमधून वाटायचंही. प्रसिद्धीने आवाज सुधारतो अशी तिने समजूत करून घेतली होती.

"तुम्ही लोक चोर आहात," ती शांतपणे म्हणाली.

ओजसने छातीवर हात ठेवून मान लववली. "थँक यू, मॅडम. पण श्रेय सगळ्या टीमचं आहे."

सुकन्याने टेबलावरून वाकून त्याच्या दोन्ही कानांतले मणी काढले.

"चोर म्हणाले मी तुम्हाला. निर्लज्ज पण म्हणणार होते."

ओजसचा चेहरा पार उतरला. "तुमचा आवाज असा आहे?"

"कसा?"

"म्हणजे, टोचतो."

"आहे खरा तसा."

त्याने घाईने मणी परत घातले आणि त्याच्या जिवात जीव आला. ते नवे मणी होते. गाण्याचीच नव्हे, समोरच्याच्या बोलण्याचीही मनधरणी करणारे. कचेरीत सगळ्यांनी ते चाचणीसाठी घातले होते आणि तेव्हापासून एकही बैठक लांबली नव्हती. "दिवाळीला बाजारात येतायत," ओजस अभिमानाने म्हणाला. "घरोघरची भांडणं बंद. विचार करा, मॅडम."

तिने विचार केला. दिवाळीनंतर ती आबांसमोर उभी राहून कितीही ओरडली तरी आबांना 'येते' एवढंच ऐकू जाणार होतं. ते जागा राखणार, तारखा घेणार, आणि ती आली नाही की दर मुहूर्ताला तिची वाट बघत गाडीपाशी उभे राहणार. समाधानाने उभे राहणार, हे तर फारच वाईट होतं. आणि चार लोकांत म्हणून दाखवायचं तर ते करारात बसत नव्हतं : लोकांसमोर तिने गायचं ते मण्यांतूनच, नाहीतर गायचं नाही.

"सांगलीचा कार्यक्रम आधी आहे ना?" तिने विचारलं.

"दिवाळीच्या आधीचा रविवार. पन्नास हजार लोक. तुम्ही काहीही गा, मॅडम, ज्याला त्याला आपापलं ऐकू जाईल."

"माझ्या वडिलांचा बँड पहिल्या रांगेत बसला पाहिजे. एवढीच अट."

"भावनिक," ओजस म्हणाला आणि त्याने लगेच होकार दिला.

कार्यक्रम संध्याकाळी उजेडातच सुरू झाला. कर्ण्यांवर कधीच बंदी आली होती, त्यामुळे मैदानात एकही भोंगा नव्हता. प्रवेशद्वारावर मणी तपासून आत सोडत होते. सुकन्या चमचमत्या पोशाखात मंचावर आली. कानात तिच्याही मणी होते. पन्नास हजार लोकांनी हात वर केले, आणि तिने गायला सुरुवात केली.

दोन ओळी गाऊन ती थांबली. तिच्या कानात गाणं चालूच राहिलं. उत्तम गात होती ती.

तिने तोंड घट्ट मिटून लोकांकडे पाहिलं. कुणाला काही खटकलं नव्हतं. तिने जीभ काढून दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने माइक खाली ठेवला, कानातले मणी काढले आणि ती मंचाच्या पायऱ्या उतरली.

मैदानात शांतता होती. पन्नास हजार माणसं डोलत होती, ओठ हलवत होती, डोळे पुसत होती, आणि ऐकू येत होतं फक्त चपलांचं घासणं, एका पोराचं कुरमुरे खाणं आणि लांबवर कृष्णेच्या पुलावरून जाणारा एक ट्रॅक्टर. महाराष्ट्रातली सगळ्यांत यशस्वी गायिका तिच्या स्वतःच्या कार्यक्रमातून चालत निघाली होती आणि कार्यक्रम रंगात आला होता.

पहिल्या रांगेत आबा डोळे मिटून बसले होते. आज खास बँडचा लाल कोट चढवला होता. सुकन्याने त्यांच्या कानांतले मणी काढले. त्यांनी डोळे उघडले, आधी तिच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या मंचाकडे.

"हितं काय करतीस? गाणं चालू हाय की."

"माझं नाही ते. आबा, म्हणून दाखवते. लोकांत."

आबांनी आजूबाजूला पाहिलं. "ऐकतंय कोण हितं?"

कायद्याला धरून होतं. तिने बबनमामाचे मणी काढले, इस्माईलचाचाचे काढले, शिवाचे काढले. शिवा कुस्तीच्या ऐन रंगात होता, त्याने हात झटकला. पलीकडे बसलेल्या एका अनोळखी बाईंचेही काढले. त्या मिरजेहून खास आल्या होत्या आणि त्यांनी पोलिसांना बोलावते म्हणून सांगितलं.

"बोलवा," सुकन्या म्हणाली. "तोवर ऐका."

मंचामागून ओजस धावत आला. "मॅडम, हे करारात बसत नाही. उद्या सकाळी अल्बम उतरवावा लागेल. सगळा. तुमचं काहीही राहणार नाही."

"उतरवा."

"मॅडम काय म्हणाल्या?" त्याने बबनमामाला विचारलं. त्याला बहुतेक काहीतरी गोड ऐकू आलं असावं.

सुकन्याने श्वास घेतला आणि गायला सुरुवात केली. साथीला काहीच नव्हतं. आवाज टोचत होता. दुसऱ्या ओळीला तो जरा घसरला, तिने तो तसाच पुढे नेला. 'वाट बघू नका आबा' हे ती आबांच्या डोळ्यांत बघून म्हणाली. 'राखून ठेवू नका'ला आबांनी नजर वळवली, तर ती बाजूला सरकून पुन्हा त्यांच्यासमोर उभी राहिली. उरलेल्या पन्नास हजारांना याचा पत्ता नव्हता. ते भलत्याच कुठल्या कडव्यावर एकदम टाळ्या वाजवत होते. 'उचलायला येऊ नका'पर्यंत ती पोचली तेव्हा तिचा दम संपला होता, आणि शेवटचा शब्द तिने गाण्याऐवजी जवळजवळ बोलूनच टाकला.

मिरजेच्या बाईंनी पर्स उघडून बंद केली.

आबा उठून उभे राहिले. त्यांचं तोंड लाल झालं होतं. "असलं गाणं?" ते म्हणाले. "बापाला?"

"हो."

"तीन वर्सं जागा धरून बसलो मी. दारात आल्याली पोर माघारी धाडली. लोकं इचारायची, मास्तर, लेक कवा येणार. छातीवर हात ठिवून सांगायचो. आन् तू हे गाणं करतीस?"

"तुम्हाला सांगता येईना म्हणून केलं."

"मग आवाज तरी लावायचास. दुसऱ्या ओळीला सूर सोडलास. शेवटाला तर गायलीच न्हाईस, नुसती बोललीस."

"दम गेला."

"जायलाच पायजे. रियाज कुठाय?" त्यांचा आवाज चढत गेला. आजूबाजूला सगळे समाधानात डोलत होते आणि त्यांच्या मधोमध दगडू वायदंडे आपल्या लेकीला मनापासून बोलत होते : कृतघ्न, आगाऊ, आईवर गेलेली. सुकन्या हाताची घडी घालून ऐकत होती. एवढ्या महिन्यांत तिच्या गाण्याबद्दल कुणी काही खरं बोललं नव्हतं. तिने एकही शब्द खाली पडू दिला नाही.

"मास्तर, आता बास," इस्माईलचाचा म्हणाला. "पोरीनं चार लोकांत म्हटलंय."

आबा दमून खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांनी आपल्या लाल कोटाच्या बाहीकडे पाहिलं.

"म्हंजे येणार न्हाईस."

"नाही, आबा."

"पक्कं?"

"पक्कं."

"गाणं आवडलं न्हाई मला," आबा म्हणाले. "सांगून ठेवतो. अजिबात आवडलं न्हाई."

"बरं."

"पुन्यांदा म्हण."

ओजस मागे हात जोडून उभा होता. सुकन्याने या वेळी आवाज नीट लावला, दुसऱ्या ओळीचा सूर धरून ठेवला, आणि शेवटचा शब्द पूर्ण गायली. आबा डोळे उघडे ठेवून, जराही मान न डोलावता, शेवटपर्यंत बसून राहिले. दुसऱ्यांदाही त्यांना ते आवडलं नाही.